कोपरा फाटलेलं कार्ड आणि दोन निळ्या खुणा

घरात कुणाचं लग्न ठरलं की पोस्टकार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागायचं. कुणी गेल्याची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. असं कार्ड घरात आणायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं, असा रिवाज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत होता. ज्या बाईला अक्षर कळत नव्हतं तिलाही कोपरा पाहून अर्धी बातमी कळायची.

पाव आण्याचं पोस्टकार्ड हिंदुस्थानात १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं. ते उघडं असतं, पोस्टमन वाचतो, कदाचित गल्लीही वाचते, हे सांगायला कुणाची गरज पडली नाही. म्हणून कार्डावर ‘सर्व खुशाल’ एवढंच जायचं. सासरच्या तक्रारी बंद पाकिटातून आणि पैसे मनीऑर्डरने. तार मात्र एवढी महाग आणि एवढी तातडीची की तारवाला दारात दिसला की आधी रडारड व्हायची आणि मग तार उघडली जायची; आत कधीकधी नोकरी लागल्याची बातमी निघायची. कोणत्या साधनाला काय सांगायचं आणि काय नाही, हे शहाणपण लोकांनी दोनतीन पिढ्यांत मुरवलं होतं. सरकारने जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद केली, तेव्हा शेवटच्या दिवशी तारघरांत रांगा लागल्या. त्यात बरेच जण आयुष्यातली पहिलीच तार करायला आले होते.

आपल्याकडे इंटरनेटवरून निरोप जाऊ लागले त्याला आता जेमतेम चाळीस वर्षं होताहेत. या चाळीस वर्षांत यंत्रं भराभर बदलली, पण ती वापरण्याची जाण प्रत्येक वेळी मागून आली. बऱ्याचदा ती कुणाला तरी तुरुंग घडल्यावर आली, आणि एकदा तर पाच जणांचा जीव गेल्यावर.

या कहाणीची भारतातली सुरुवात मुंबईतच सापडते. जुहूला ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था होती, डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘अर्नेट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, शिक्षण आणि संशोधन संस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्यासाठी. त्यातली पहिली ईमेल देवाणघेवाण जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात झाली. म्हणजे देशातला इंटरनेटचा पहिला निरोप कुठे सातासमुद्रापार गेला नाही. तो मुंबईतल्या मुंबईत, एका उपनगरातून दुसऱ्यात गेला. पुढे याच जुहूच्या संस्थेतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाशी दुवा जोडला गेला, आणि भारताच्या पत्त्यांचं ‘डॉट इन’ हे शेपूट १९८९ मध्ये नोंदलं गेल्यावर त्याचा कारभारही बरीच वर्षं जुहूहूनच चालला. जुहू म्हटलं की लोकांना नटनट्यांचे बंगले आठवतात. ही इमारत मात्र कुणी बघायला येत नाही.

त्या ईमेलची चाल समजून घेण्यासारखी आहे. एक यंत्र ठरावीक वेळी टेलिफोनवरून दुसऱ्या यंत्राला फोन लावायचं, साठलेली पत्रं त्याच्या हवाली करायचं, ते यंत्र पुढच्याला. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर पत्राची प्रत काही काळ पडून राहायची आणि त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्याने ठरवलं तर ती वाचता यायची. थोडक्यात, ईमेल हे पोस्टकार्डच होतं. पण पडद्यावर त्याचं चित्र छापलं गेलं ते बंद पाकिटाचं, आणि लोकांनी चित्रावर विश्वास ठेवला. अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये @ ही खूण वापरून पहिली ईमेल धाडली, त्यानंतर सात वर्षांतच, मे १९७८ मध्ये, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न मागता एकच जाहिरात पाठवली. नको असलेल्या पत्रांचा जो ढीग आज प्रत्येकाच्या पेटीत साचतो, त्याचा तो श्रीगणेशा. गोपनीयतेचा प्रश्न काय आणि फुकटच्या भडिमाराचा काय, दोन्ही दुखणी जन्मजात आहेत.

सामान्य माणसाला हे दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा, पण सुरुवात अशी फसली की विचारू नका. फोन लागायचे नाहीत, लागले तर मध्येच तुटायचे, मोडेम अपुरे पडले. निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी चुका जाहीरपणे कबूल केल्या. सरकारी कंपनीच्या प्रमुखाने असं करणं तेव्हाही दुर्मीळ होतं. साध्या खात्याचे वर्षाला ५,००० रुपये, त्यात २५० तास, आणि टेलिफोनचं बिल वेगळं. वेग सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या फोनने काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरायला पाऊण तासाच्या आसपास लागला असता. तारेवर मोडेमचं ते किंचाळणं, मग खरखर, मग एकाएकी शांतता. ती शांतता आली की घरातला मुलगा ‘लागलं!’ असं ओरडायचा आणि स्वयंपाकघरातून आई विचारायची, “आता फोन किती वेळ अडवणार?”

या पहिल्या वापरकर्त्यांत एक नाव असं आहे की नव्या पिढीला खरं वाटत नाही: शम्मी कपूर. ‘याहू’ ओरडत बर्फात लोळणारा हा नट उतारवयात संगणकाच्या नादी लागला, भारतातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांची ‘इंटरनेट युजर्स कम्युनिटी ऑफ इंडिया’ ही संघटना त्याने उभी केली आणि तिचा संस्थापक अध्यक्ष झाला. वापरणाऱ्यांचेही काही हक्क असतात, त्यांनी संघटित होऊन विचारणा करावी, ही कल्पना त्या काळी सुचणं मोठंच. पुढच्या काळात वापरणारे कोटींनी वाढले आणि अशा संघटना मात्र दिसेनाशा झाल्या.

१९९६ च्या ४ जुलैला हॉटमेल आलं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी काढलेली ही फुकट ईमेल. कुठल्याही संगणकावरून उघडणारी. पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी हॉटमेलची जाहिरात आपोआप चिकटायची, त्यामुळे प्रत्येक वापरकर्ता बिनपगारी विक्रेता झाला. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. आणि ऑगस्ट १९९९ मध्ये उघड झालं की एक ठरावीक शब्द पासवर्ड म्हणून टाकला की नुसत्या नावावर कुणाचीही पेटी उघडते! काही तास सेवा बंद ठेवून ते भोक बुजवण्यात आलं. ‘फुकट आहे’ आणि ‘आपलं आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या, हा पहिला मोठा धडा. तो फार कुणी घेतला नाही.

घरी संगणक नसलेल्यांसाठी सायबर कॅफे होते. नव्वदचं दशक संपता संपता पुण्यामुंबईत आणि मग तालुक्याच्या गावांतही झेरॉक्सच्या दुकानाशेजारी प्लायवूडच्या खोपट्या उभ्या राहिल्या. आत याहू मेसेंजर, आयसीक्यू, चॅटरूम. अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ठरलेला: वय, लिंग, ठिकाण. उत्तरं बहुधा खोटी, हे दोघांनाही माहीत. नाटकातल्या मुखवट्यांची मजा होती ती. पण उठताना खातं बंद करायचं राहिलं की पुढच्या गिऱ्हाइकाला आयती पेटी उघडी मिळायची, आणि यंत्रात कळफलकाची टिपणं घेणारा एखादा छुपा प्रोग्राम बसवलेला असला तर पासवर्डही. सरकारला नियम सुचले ते २०११ मध्ये: ओळखपत्र पाहा, नोंदी वर्षभर जपा, खोपटीच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नकोत. तोवर लोक कॅफेतून उठून मोबाइलवर निघाले होते. कायद्याने भिंतीची उंची मोजली, तेव्हा खोपट्या रिकाम्या होत होत्या.

मराठी माणसाची आणखी एक वेगळी अडचण होती, ती लिपीची. संगणकावर मराठी होतं, पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने त्यासाठी बरंच काम केलं होतं, पण बाजारातल्या प्रत्येक फाँटची आतली मांडणी वेगळी. ज्या फाँटमध्ये पत्र लिहिलं तोच समोरच्याकडे नसला तर ‘प्रिय दादा’च्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा भुगा दिसायचा. म्हणून एकतर मजकुराचं चित्र करून पाठवायचं, नाहीतर रोमन अक्षरांत मराठी लिहायचं. एसएमएसने तर देवनागरीला दंडच लावला: रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरं मावायची, देवनागरीत फक्त ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जायच्या. ‘कसा आहेस’ रोमनमध्ये लिहिण्याची सवय आळसातून लागली असं मराठीचे कैवारी म्हणतात. खरं तर ती हिशोबातून लागली. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड १९९१ मध्ये आलं, पण ते घरगुती संगणकांत मुरायला दहाएक वर्षं गेली. आज फोनवर जे मराठी सहज उमटतं ते त्याच्या जिवावर. जुन्या फाँटांत अडकलेली पुस्तकं, अंक, पत्रं मात्र अजून कित्येकांच्या कपाटातल्या सीडींवर न वाचता येणाऱ्या अवस्थेत पडून आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती वेळीच बदलून घ्यावीत.

मग ऑर्कुट. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ ब्राझील आणि भारत या दोन देशांनी डोक्यावर घेतलं. त्यावर शिवाजी महाराजांविषयी कुणीतरी बदनामीकारक मजकूर टाकला, पुण्यात संतापाची लाट उसळली, आणि पोलिसांनी तपास सुरू केला. मजकूर ज्या आयपी क्रमांकावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, टाकला गेला तो कुणाचा, असं त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारलं. कंपनीने नाव दिलं. ऑगस्ट २००७ अखेर पुणे पोलीस बेंगळुरूला गेले आणि एका तरुण संगणक अभियंत्याला घेऊन आले. तो सांगत राहिला की हे मी केलेलं नाही. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. मग कळलं की कंपनीने चुकीच्या ग्राहकाचं नाव कळवलं होतं.

आयपी क्रमांक म्हणजे माणूस नव्हे, हे त्या प्रकरणाने शिकवायला हवं होतं. रिक्षाचा नंबर टिपला म्हणून आत कोण बसलं होतं ते कळत नाही. किती वाजता, हेही विचारावं लागतं. घरगुती जोडणीत हा क्रमांक बहुधा बदलता असतो: सकाळी एकाकडे, रात्री दुसऱ्याकडे. वेळेची एक चूक झाली की भलताच माणूस गजाआड जातो. आणि घरच्या वायफायला पासवर्ड नसला तर शेजाऱ्याने केलेलं कृत्यही घरमालकाच्या नावावर नोंदलं जातं.

पाच वर्षांनी पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यावर ‘लाइक’चं बटण दाबलं. दोघींना अटक झाली. त्या ओळी लिहिणारीच्या एका नातेवाइकाचा दवाखाना फोडण्यात आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमात ‘त्रासदायक’ संदेशालाही तीन वर्षांची कैद होती, आणि त्रासदायक म्हणजे काय ते कायद्याने सांगितलंच नव्हतं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याच प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरून रद्द झालं. तरीही देशातल्या पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं. म्हणजे वाचकाने दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: ६६-अ आता अस्तित्वात नाही, आणि बदनामी, धमकी, तेढ माजवणं यांची इतर कलमं मात्र आजही आहेत.

व्हॉट्सॲप २००९ चं. ते फेसबुकने २०१४ मध्ये घेतलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन निळ्या खुणा आल्या आणि ‘वाचलंस तरी उत्तर का नाही’ हा नवा घरगुती कलह सुरू झाला. एप्रिल २०१६ मध्ये सगळे संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद झाले: किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर, मधल्या कंपनीकडेही नाही. पोस्टकार्ड अखेर खरोखर पाकिटात गेलं. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे दर कोसळले, आणि ज्यांनी कधी ईमेल पाहिली नव्हती अशी कोट्यवधी माणसं थेट व्हॉट्सॲपवर दाखल झाली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस त्या भागातल्या फोनांवर येत होते. जमावाने त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही जण गेले. भिक्षेकरी, बहुरूपी, नंदीबैलवाले शतकानुशतकं या गावांतून फिरत आले, अनोळखी असूनही त्यांना सूपभर जोंधळे मिळत आले. त्या ओळखीवर फोनमधल्या एका निनावी संदेशाने मात केली.

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची फीत होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, पाटी दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. उरलं ते ‘अपहरण’. खोटं रचायला काही बनवावंही लागलं नाही, कात्री पुरली.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’चा शिक्का आला, भारतात एका वेळी पाचांनाच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली गेली, पुढे ती जगभर लागू झाली, आणि २०२० मध्ये फार फिरलेला, दोन बाणांचा संदेश एका वेळी एकालाच पाठवता येईल असं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिला की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनला, त्याचा त्यात हात असल्याशिवाय, गुन्हेगार धरता येणार नाही. ‘ॲडमिनला अटक होईल’ असा संदेश मात्र त्यानंतरही दर निवडणुकीला ग्रुपांवर फिरतोच, आणि तोही फॉरवर्डेडच असतो.

कुलूप आहे म्हणून सगळं सुरक्षित, हा या काळाचा गैरसमज. मजकूर कंपनीला दिसत नाही, पण कोण कुणाशी, केव्हा, किती वेळा बोललं, याचा माग उरतो. गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारी साठवण कित्येक वर्षं बिनकुलपाची होती. तिला कुलूप लावण्याची सोय २०२१ च्या अखेरीस आली, आणि ती आपणहून सुरू करावी लागते. समोरच्याने स्क्रीनशॉट काढला तर कुठलीच किल्ली उपयोगाची नाही. पाकीट कितीही बंद असलं तरी पत्र ज्याच्या हाती पडलं तो ते चारचौघांत वाचू शकतो, ही गोष्ट टपालाच्या काळात शेंबड्या पोरालाही माहीत होती.

आवाज आणि चेहरा पाठवणाऱ्या साधनांचं तेच. स्काइप २००३ मध्ये आलं आणि पुण्यातल्या किती तरी आईबापांनी अमेरिकेतल्या नातवंडांचं रांगणं त्यावरच पाहिलं. मे २०२५ मध्ये ते बंद झालं. पण चेहरा दिसला की खरं, हा भरवसा मागे राहिला, आणि त्याच भरवशावर आता दरोडे पडतात: व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, आणि ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात’. भारताच्या कुठल्याही कायद्यात अशी अटक नाही. फोनवरून कुणी अटक करत नाही, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाही, खात्यातले पैसे ‘तपासणीसाठी’ मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचं; जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात.

वाचून झालं असेल तर एक काम करा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, आणि आपलं खातं कोणकोणत्या यंत्रांवर सुरू आहे ते पाहा. ओळखीचं नसेल ते तिथल्या तिथे बंद करा. मग सेटिंगमधल्या ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’मध्ये सहा आकडी पिन घाला. दोन मिनिटं लागतात. त्यानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन मागून घ्या आणि त्यांच्याशेजारी बसून, त्यांना दाखवत, तेच त्यांच्या फोनवर करून द्या.